बाविसावं पान

आमच्या मस्कतच्या घरात फोटो बेडरूममध्ये होता. निळा कोट, लाल टाय, गोल चष्मा, कोटाच्या खिशाला पेन. आमच्यासारख्या बौद्ध घरांत तो फोटो कुठे असतो हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. दारातून आत आलं की समोर. अल् खुवैरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये दारातून आत आल्यावर समोर एका सुपरमार्केटचं कॅलेंडर होतं. पप्पांचं म्हणणं असं की अर्बाब, म्हणजे घरमालक, भिंतीला खिळे मारू देत नाही. कॅलेंडरचा खिळा आधीच्या भाडेकरूने मारलेला, त्याला आपण काय करणार, असंही ते म्हणायचे. बेडरूममधला खिळा मात्र त्यांनी स्वतः मारला होता. या तीन गोष्टी मी त्या वयात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. पुढे वीसेक वर्षं वृत्तपत्रात काढली, लोकांच्या निवेदनांतली विसंगती शोधण्याचा पगार घेतला, आणि तेव्हा कुठे आमच्या हॉलची भिंत मला नीट दिसली.

मस्कतमध्ये आडनाव लागत नाही. तिकडे माणसाला पहिल्या नावाने हाक मारतात आणि आधी मिस्टर लावतात. पप्पा ऑफिसात मिस्टर अशोक, शेजारचे मिस्टर जॉर्ज, वरच्या मजल्यावरचे मिस्टर प्रदीप. आईला बिल्डिंगमध्ये मिसेस अशोक म्हणत आणि शाळेच्या हजेरीत मी सुजाता अशोक होते. सांगली जिल्ह्यातून आलेल्या कांबळे कुटुंबाला ही पद्धत फार सोयीची पडली. कुणी 'पूर्ण नाव काय?' विचारत नसे, आणि विचारलंच तर विचारणारा मराठी असे. पप्पांना मराठी लोकांशी बोलताना नेहमी घाई असायची. यल्ला, निघतो, गाडी चुकीच्या जागी लावली आहे. आमची गाडी चुकीच्या जागी कधी लावलेली नसे.

पप्पांचं काम पाण्याच्या पाइपांतली गळती शोधण्याचं. ते शिकलेले इंजिनिअर होते, कंपनीने यंत्रंही दिली होती, पण त्यांचा भरवसा एका लांब लाकडी काठीवर होता. काठीचं एक टोक जमिनीवर किंवा पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. शहर जरा शांत असेल अशा वेळी, म्हणजे शुक्रवारी सकाळी, ते कधी कधी मला बरोबर नेत. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या उन्हात पँट-शर्टमधला माणूस काठीला कान लावून डोळे मिटून उभा आहे, हे दृश्य मला लाजिरवाणं वाटायचं. गाड्यांतून जाणारी माझ्या शाळेतली मुलं दिसतील म्हणून मी पाठ फिरवून उभी राहत असे. ते म्हणायचे, "ऐक, इथे सुईएवढं भोक आहे." मला काहीही ऐकू येत नसे. खोदल्यावर सुईएवढं भोक निघायचं.

आई आवाजातली होती. लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून सहा वर्षं तिने सांगलीच्या रेडिओसाठी नाटिका लिहिल्या, दर आठवड्याला एक, वीस मिनिटांची. मस्कतला आल्यावर ते थांबलं, पण हात थांबले नाहीत. ती भाकरीचं पीठ मळताना संवाद म्हणायची. स्टीलच्या ताटात तांदूळ तिरके घरंगळवले की पाऊस, कोरड्या खुबुसाचा, म्हणजे अरबी रोटीचा, तुकडा कानाजवळ मोडला की वाळलेल्या फांदीवर पाय, कुकरच्या शिट्टीवर ओला फडका धरला की दूरची बोट. दुपारी एसीची घरघर, बाहेर बांग, आणि स्वयंपाकघरात आई एकटीच चार माणसांच्या आवाजात भांडते आहे, अशी ती वर्षं आहेत. जेवण साधं असे. ज्वारीचं पीठ रुवीतल्या एका दुकानात मिळायचं, ते आणलं की भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सुकट. संपलं की खुबूस आणि आमटी. सुकट करायची त्या दिवशी सगळ्या खिडक्या बंद करून करायची की उघडून, यावर आई-पप्पांचा वाद व्हायचा. पप्पा बंद म्हणायचे. आई उघडायची.

तिथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात आईने लिहिलेली पंधरा मिनिटांची नाटिका झाली आणि ती पाहायला समीर सर आले होते. हे पुण्याचे, तिशीतले, एका जाहिरात कंपनीत होते. ती कंपनी आखातातल्या भारतीय शाळांतल्या मुलांसाठी इंग्रजीत एक सुपरहिरोचं मासिक कॉमिक काढणार होती आणि त्याची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे होती. आधीचे दोन लेखक टिकले नव्हते. एक जाहिरातीतला होता, त्याच्या गोष्टी दोन पानांत संपत. दुसरा मुंबईहून टीव्ही मालिका लिहिणारा, त्याच्या गोष्टी संपतच नसत. समीर सर आमच्या हॉलमध्ये कॅलेंडरसमोर बसून आईला म्हणाले, "मॅडम, बाहेर आता सगळीकडे हेच चाललंय. कादंबरीवाले, सिनेमावाले, टीव्हीवाले, सगळे कॉमिक्स लिहायला लागलेत. मग रेडिओ का नाही? मला फक्त दर महिन्याला वेळेवर देणारं माणूस पाहिजे."

"बावीस पानं ना महिन्याला?" आई म्हणाली. "मी आठवड्याला वीस मिनिटं दिलेली आहेत. तापात असताना दिलेली आहेत. ही पोटात असताना दिलेली आहेत."

"कॉमिक्स वाचलीत तुम्ही?"

"नाही. तुम्ही माझी नाटिका ऐकली होती का आधी?"

समीर सर हसले. ते चांगले हसत, हेही नोंदवलं पाहिजे. आई मराठीत लिहिणार, मी इंग्रजी करणार, ते ईमेलने जाणार, असं ठरलं. माझी इंग्रजी शाळेतली आणि मराठी घरातली होती. मराठी वाचताना मी अडखळायची, म्हणून आई वाचून दाखवायची आणि मी टाइप करायची. मी पंधरा वर्षांची होते आणि हे काम मला वर्गात सांगण्यासारखं वाटलं नाही. वर्गात कॉमिक्सची खरी जाणकार मुलं होती. नवीन लेखक टीव्हीतून आला आहे की कादंबरीतून, हे त्यांना अंकाच्या पहिल्या पानावरून कळायचं आणि ती त्याला आधीच नापास करून ठेवायची. 'बाहेरचा' हा त्यांचा शब्द होता. आई तर बाहेरच्यांतली बाहेरची.

नायक तिने दोन दिवसांत उभा केला. सिद्धार्थ नावाचा माणूस, पाण्याच्या पाइपांतली गळती शोधतो, काठीला कान लावून. एकदा डोंगरातल्या जुन्या फलजमध्ये, म्हणजे गावाला पाणी आणणाऱ्या दगडी पाटात, तो अडकतो आणि बाहेर येतो तेव्हा त्याला सगळं ऐकू येतं. दहा मैलांवर वादीत, कोरड्या ओढ्यात, चढणारं पुराचं पाणी. भिंतीपलीकडचं रडणं. खोटं बोलणाऱ्याच्या घशातला खरखराट. तोंडावर मुखवटा, हातात काठी. आईने त्याचं नाव 'कानोसा' ठेवलं होतं, इंग्रजीत तो 'लिसनर' झाला. पप्पांनी पहिली चार पानं वाचली आणि विचारलं, "हा काय प्रकार आहे?" आई म्हणाली, "सुपरहिरो आहे." पप्पांनी पानं पुन्हा उलटली. मग म्हणाले, "काठी सागाची नसते. सरळ वाढणारं हलकं लाकूड लागतं," आणि आत गेले.

चित्रं काढणार होते इब्राहिमभाई. रत्नागिरीकडचे, मत्रहमध्ये, म्हणजे मस्कतच्या जुन्या बंदराच्या भागात, वीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवलेले. मत्रहच्या बाजाराच्या एका गल्लीत, मसाल्याच्या दुकानावर माडीवरची खोली. फ्लेक्स आलं आणि बोर्ड रंगवायचं काम संपलं, तेव्हा कंपनीने त्यांना उचललं. तेही एका अर्थाने दुसऱ्या धंद्यातून आलेले. आईचा पहिला अंक वाचून त्यांनी निरोप पाठवला की वहिनींना एकदा इकडे आणा. पप्पांनी आम्हाला गाडीतून सोडलं आणि स्वतः खाली कॉर्निशवर, समुद्राकडेच्या रस्त्यावर, उभे राहिले. वर जाताना लवंग, सुकी लिंबं आणि टर्पेन्टाइनचा वास एकत्र येत होता.

इब्राहिमभाईंनी एक चौकट पुढे सरकवली. चित्रात मुखवटा घातलेला सिद्धार्थ उघड्या दारात उभा, समोर विस्कटलेली खोली. वर संवादाचा मोठा फुगा.

"वाच गो," ते मला म्हणाले.

मी वाचलं. 'अरे! हे दार उघडं कसं? आणि हे काय, सगळं सामान जमिनीवर! कुणीतरी माझ्या आधी इथे येऊन गेलं आहे!'

"वहिनी, दार मी उघडं काढलंय. सामान पण खाली मीच पाडलंय, अर्धा दिवस गेला त्याच्यात. मग हा कशाला बोंबलतो? आंधळा हाय काय हा?"

आईने चौकट जवळ ओढली. तिला कळलं होतं. रेडिओत कुणाला काही दिसत नाही, म्हणून माणसांना सगळं बोलून दाखवावं लागतं. दार उघडलं तर 'दार उघडलं' म्हणावं लागतं. सहा वर्षांत ते तिच्या हाडात गेलं होतं. तिच्या बावीस पानांत एकशे नव्वद फुगे होते, आणि त्यातले निम्मे चित्राचीच बातमी पुन्हा देत होते. पुढे मी उपसंपादक झाले आणि फोटोओळी लिहू लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं की फोटोत दिसतं ते ओळीत लिहू नये. मला ते आधीच माहीत होतं. मत्रहच्या माडीवर कळलं होतं.

"आणि ह्यो हसतो बघा," इब्राहिमभाई म्हणाले. "चेहऱ्यावर हसू काढलंय आणि फुग्यात हा हा हा. नाटकवाली हाय ना तुम्ही."

"रेडिओवाली," आई म्हणाली. "किती काढू?"

"निम्मे काढा. मग उरल्यातले निम्मे. दगा नाय देणार मी. जे तुम्ही सोडाल ते मी काढीन."

आईला हे शिकायला चार अंक लागले. ती बोललेलं खोडायला बसली की चेहऱ्यावरून वाटायचं दाढ उपटते आहे. तिसऱ्या अंकाला पंचाऐंशी फुगे उरले, चौथ्याला साठ. शाळेत तो चौथा अंक फिरला. जाणकार मुलांपैकी एक, आमच्या वर्गातला रोहन, मला म्हणाला की हा लेखक सुधारतोय, आधी फारच बडबडा होता. त्याला लेखकाचं नाव माहीत नव्हतं. अंकावर 'लेखन : एस. अशोक' असं छापलेलं होतं. शालिनी अशोक कांबळे हे नाव आईने लिहून दिलं होतं. छापून जे आलं ते कंपनीच्या ऑफिसात झालं. आईने त्या वेळी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

सहाव्या अंकात नायक मुखवटा काढणार होता. समीर सरांनीच मागितलं होतं, मुलांची पत्रं येत होती की हा आहे तरी कोण. आईने शेवटचं पान, बाविसावं, असं लिहिलं : सिद्धार्थ घरी येतो, मुखवटा काढतो, दारात उभ्या असलेल्या लहान मुलीकडे पाहतो आणि म्हणतो, 'मी सिद्धार्थ कांबळे. पाण्याच्या पाइपांतली गळती शोधतो.' एकच फुगा. तिने तो मला वाचून दाखवला आणि मी टाइप केला.

इथे एक गोष्ट लिहायची आहे, जी मी आजवर कुठे सांगितलेली नाही. मी 'मी सिद्धार्थ' एवढंच टाइप केलं. कुणी सांगितलं नव्हतं. समीर सरांचा फोन अजून यायचा होता. माझ्या बोटांनीच ठरवलं. मला वाटलं नुसतं नाव इंग्रजीत बरं दिसतं. असं वाटलं, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण आहे, पप्पांच्या खिळ्यासारखं. आईची सवय होती, पाठवण्याआधी ती मला इंग्रजी मोठ्याने वाचायला लावायची. तिला इंग्रजी फार येत नव्हती, पण ती लय ऐकायची. शेवटच्या ओळीला तिने हात वर केला.

"काहीतरी पडलं त्यात. परत वाच."

मी परत वाचलं.

"आडनाव कुठे गेलं?"

मी म्हणाले की इंग्रजीत तसं लांब होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "टाइप कर," आणि मी एक एक अक्षर दाबेपर्यंत शेजारी उभी राहिली.

दोन दिवसांनी समीर सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. मी भाषांतरकार म्हणून बरोबर होते. पप्पा खाली गाडीत थांबले. ऑफिसात थंडी इतकी की आईने पदर खांद्यावरून घेतला. समीर सरांनी चहा मागवला, अंकाचं फार कौतुक केलं, आणि मग शेवटच्या पानावर पेन्सिल ठेवली.

"मॅडम, हे सरनेम. जरा स्पेसिफिक होतं. मला पर्सनली काही नाही हं, माझे कितीतरी मित्र आहेत. पण आपली रीडरशिप मिक्स आहे. नुसतं सिद्धार्थ ठेवू. किंवा सिड. सिड कॅची आहे."

"दुसरं कुठलं आडनाव चाललं असतं?" आईने विचारलं.

"म्हणजे... न्यूट्रल काहीतरी."

"तुमचं न्यूट्रल आहे?"

समीर सर हसले, या वेळी तितकं चांगलं नाही. "मॅडम, थोडी मिस्टरी राहू दे ना."

"मुखवटा काढल्यावर कसली मिस्टरी?" आई म्हणाली. "माणूस सहा महिने तोंड झाकून फिरला. आता घरी आलाय."

त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी, आणि पेन्सिलीने ते एक आडनाव कापलं. रेघ बारीक होती आणि सरळ होती. म्हणाले, हे वरून आलं आहे. वरून म्हणजे कोणाकडून, हे मी आज विचारलं असतं. पंधराव्या वर्षी मी चहाचा कप उचलला.

गाडीत पप्पांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"आडनाव नको म्हणाले."

पप्पांनी गाडी चालू केली. एक राउंडअबाउट गेला, दुसरा गेला. मग म्हणाले, "मग नको. एवढं काय त्यात. आपल्याला इथे राहायचंय, शालन. ऑफिसात सगळ्यांची मुलं वाचतात तो अंक."

"वाचू देत ना."

"अंक आला की प्रदीप विचारेल, लिसनरचं आणि तुमचं आडनाव एकच कसं. काय सांगू?"

"तुमच्यावरूनच लिहिलाय, असं सांगा."

"तेच सांगायचं नाही मला!" पप्पा इतक्या मोठ्याने गाडीत कधी बोलले नव्हते. मी मागच्या सीटवर बसून विचार करत होते की दोघांपैकी मी कुणाच्या बाजूची आहे, आणि माझ्या बोटांनी उत्तर आधीच दिलेलं होतं. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घरी नको. मत्रहला घ्या."

मत्रहच्या माडीवर त्या दिवशी पप्पाही वर आले. खाली सावलीत उभं राहायला जागा नव्हती एवढंच कारण असेल. आईने इब्राहिमभाईंसमोर कापलेलं पान ठेवलं. त्यांनी पाहिलं, पप्पांकडे पाहिलं, ब्रश पाण्यात बुडवला.

"समीर सर काय तपासतात?" आईने विचारलं. "चित्रं पण बघतात?"

"शब्द बघतात. स्पेलिंग. फुग्यांची यादी जाते त्यांच्याकडे, त्याच्यावर सही होते. चित्रं डायरेक छापखान्यात. चित्र कोण बघतो? बोर्डवाल्याचं काम हाय, बरोबरच असणार."

आईने पेन मागितलं आणि उरलेला फुगाही खोडला. 'मी सिद्धार्थ' गेलं. गळती गेली. बाविसाव्या पानावर काहीच उरलं नाही. एकशे नव्वद फुग्यांपासून सुरुवात केलेल्या बाईने पूर्ण पान मुकं केलं.

"तुम्ही म्हणाला होता, मी सोडेन ते तुम्ही काढाल," ती म्हणाली. "घरी आलाय तो. त्याच्या घराची भिंत काढा."

"भिंतीवर?"

"आमच्या घरात असतं ते."

इब्राहिमभाईंनी विचारलं नाही काय असतं. ते हसले. "वहिनी, आमच्या गावच्या वाडीत एप्रिल आला की मोठा बॅनर कोण रंगवायचा? ह्यो इब्राहिम. चौदा वर्षं. डोळे मिटून काढीन." त्यांनी पेन्सिल घेतली, आणि मग थांबले. "पूर्ण नको. चौकटीच्या कडेला कापतो. खांदा, टाय, खिशातला पेन. चष्म्याची एक काच."

"अर्ध्यावर कळेल?" मी विचारलं.

"गो पोरी, मी रंगवलेले अर्धे बोर्ड दुसऱ्यांच्या एसीआड असतात. ज्याचं दुकान त्याला कोपरा दिसला तरी पुरतो. बाकीच्यांना फोटो हाय, आजोबाचा असेल."

पप्पा दारात उभे होते. मला वाटलं ते आता बोलतील, नको म्हणतील. ते पुढे आले, कागदावर वाकले आणि सिद्धार्थच्या हातातल्या काठीवर बोट ठेवलं. "ही भिंतीला टेकवलेली दाखवा. घरी आल्यावर हातात धरत नाही कुणी." एवढंच. मग म्हणाले, "यल्ला, गाडी चुकीच्या जागी लावली आहे." त्या दिवशी मी पाहिलं, गाडी खरोखरच चुकीच्या जागी लावलेली होती.

यादी गेली. पान बावीस, संवाद नाही. सही झाली. मला सांगण्यात आलं की समीर सरांनी शेजारी 'सुंदर! क्लासी!' असंही लिहिलं होतं. हे मी इब्राहिमभाईंना अलीकडे फोन करून तपासून घेतलं. ते आता गावी असतात. म्हणाले, "क्लासी लिहिलेलं. मी कागद ठेवलाय."

अंक आला आणि तिसऱ्या दिवशी फोन वाजला. आईने स्पीकर लावला, तिचे हात पिठात होते.

"मॅडम, पान बावीस."

"हं."

"मागे काय आहे?"

"भिंत आहे."

"भिंतीवर, मॅडम."

"तुम्हाला काय दिसतंय?" आईने विचारलं.

पलीकडून उत्तर आलं नाही. उत्तर द्यायचं तर त्यांना नाव घ्यावं लागलं असतं, आणि नाव घेतल्यावर त्यात अडचण काय आहे हेही सांगावं लागलं असतं. आईने ती शांतता भरली नाही. रेडिओत शांतता परवडत नाही, काही सेकंद आवाज गेला की लोक स्टेशन बदलतात, हे तीच मला सांगायची. ती परातीवर हात धरून उभी राहिली आणि तिने शांतता चालू दिली. मी घड्याळ पाहिलं नाही, त्यामुळे किती वेळ ते सांगत नाही. शेवटी समीर सर म्हणाले, "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," आणि आई म्हणाली, "बोललं की तुम्ही कापता."

सातवा अंक दुसऱ्या कुणीतरी लिहिला. सिद्धार्थला जाग येते, मुखवटा काढल्याचं स्वप्न होतं, असा पहिल्याच चौकटीत खुलासा होता. मुखवटा पुन्हा चढला. पुढे दोन-तीन अंक निघाले आणि कॉमिक बंद पडलं. रोहनने मला सांगितलं की नवीन लेखक खूप बोलतो. खुलाशांचा एक नियम मी पुढे धंद्यात शिकले. खुलासा पुढच्या अंकात छापता येतो. मागचा अंक परत घेता येत नाही. तो लोकांच्या घरात असतो.

त्या फोननंतरच्या शुक्रवारी सकाळी दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे मिस्टर प्रदीप होते, बायको आणि मुलासकट, हातात हलव्याचा डबा. पप्पांच्या ऑफिसात नऊ वर्षं ते शेजारच्या टेबलावर बसत. नऊ वर्षांत आमच्याकडे दारातून आत कधी आले नव्हते, लिफ्टमध्येच बोलणं व्हायचं, आणि त्यांनाही नेहमी घाई असायची. मुलाच्या हातात सहावा अंक होता. हलवा झाला, चहा झाला. मिस्टर प्रदीप हॉलमध्ये चहूकडे पाहत होते. कॅलेंडरवर त्यांची नजर थांबली आणि पुढे गेली.

"मिस्टर अशोक," ते म्हणाले, आणि मग मराठीत, अगदी सावकाश, "तुमच्याकडे कुठे आहे?"

पप्पांनी बेडरूमच्या दाराकडे बोट दाखवलं.

"आमचाही आतच आहे," मिस्टर प्रदीप म्हणाले. त्यांची बायको आईकडे पाहून म्हणाली, "कपाटात, ताई. आमचा तर कपाटात आहे."

कुणी काही बोललं नाही. आईही नाही. ती आता त्यात तयार झाली होती. पप्पा उठले. मला वाटलं खिडकी लावायला उठले असतील, कारण त्या दिवशी सुकट होती आणि वास पाहुण्यांपर्यंत आला होता. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि मला दिलं. मग आत जाऊन फोटो आणला, शर्टाच्या बाहीने काच पुसली, आणि खिळा हलवून पाहिला. गळती शोधताना पाइपाला कान लावतात तसे ते क्षणभर भिंतीजवळ थांबले.

"घट्ट आहे," ते म्हणाले.

कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं.